आण्णांचा उंट

चौथ्या खेळीला यंत्राने पुन्हा उंट देऊन टाकला, तशी त्रिशलाने खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे बघितलं.

“बाळूकाका, सलग नववा डाव. दुसरी खेळी खेळायचं नावच घेत नाही बघा.”

मी चष्मा पुसायला काढला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

ही सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. इचलकरंजीच्या तंत्रनिकेतनात त्रिशला मगदूम संगणक शिकवायची. दोन वर्षं खपून तिने बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम लिहिला होता आणि जानेवारीत, आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या वर्धापनदिनाला, तो सगळ्यांसमोर खेळणार होता. समोर साताऱ्याचा राज्यविजेता घोरपडे बसणार होता. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मंडळाच्या वह्या माझ्या ताब्यात होत्या. तीन महिने रोज शाळा सुटली की मी तिच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचो आणि जुन्या डावांच्या खेळ्या वाचून दाखवायचो. ती टाइप करायची.

“पण ते विचार करून खेळतं ना?” मी विचारलं.

“सुरुवातीला नाही करत.” ती शिकवायच्या आवाजात म्हणाली. “सुरुवातीला ते पुस्तकात बघतं. पुस्तक म्हणजे आपण भरलेले हे सगळे डाव. ही मांडणी आधी कधी आली होती का? आली होती. तिथून कुठकुठल्या खेळ्या झाल्या? त्यातल्या किती डावांत जिंकलो? जी जास्त वेळा जिंकली तिचं वजन जास्त. सामन्यात ते सगळ्यात वजनदार खेळी उचलतं. पुस्तक संपलं की मग स्वतःचं डोकं चालवायला लागतं.”

“म्हणजे वाडवडिलांनी केलं तेच करायचं.”

“तेच. आणि वाडवडिलांनी हे केलंय.” तिने पडद्यावरचा आकडा दाखवला. “या जागी किल्लेकोट करून राजा हत्तीच्या आडोशाला नेला तर शेकडा चौपन्न डाव जिंकलेत. आणि आण्णांचा उंट? दोनशे सतरा डाव, एकशे ब्याण्णव विजय. शेकडा अठ्ठ्याऐंशी! जगात कुठल्या ओपनिंगला असा आकडा नसेल.”

नसेलच. कारण तो आकडा खोटा होता, आणि तो खोटा आहे हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

आण्णा म्हणजे त्रिशलाचे वडील, आण्णासाहेब मगदूम. आमच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक. मला नोकरीला त्यांनीच लावलं. वाचनालयाच्या वरची खोली भांडून मिळवून मंडळ काढलं तेही त्यांनीच. शिस्त अशी, की मंडळात झालेला प्रत्येक डाव वहीत उतरलाच पाहिजे, मग तो दहा वर्षांच्या पोराचा का असेना. त्यांना तरुणपणी स्वतःहून एक डाव सुचला होता. पांढरी सोंगटी घ्यायची, चौथ्या खेळीला काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर उंट मारून शह द्यायचा. राजा उंट खातो. मग मागून घोडाही द्यायचा आणि उघड्यावर आलेल्या राजाला पिटाळत न्यायचं. दिसायला मोठं शूर काम. पण समोरच्याने डोकं थंड ठेवून दोन्ही मोहरे खाल्ले आणि गुमान राजा मागे घेतला, तर पंचवीस खेळ्यांत पांढऱ्याची वाट लागते. हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. सहासष्ट सालापर्यंत आण्णांनाही ठाऊक होतं. चार हरायचे, एक जिंकायचे आणि हसायचे.

सहासष्ट साली त्रिशलाची आई गेली. पोर चार वर्षांची. आण्णा आठ महिने मंडळाची पायरी चढले नाहीत. मग एका महिन्याच्या पहिल्या रविवारी आले, माझ्यासमोर बसले आणि उंट दिला. त्यांचा सदरा चुरगळलेला होता. आण्णांचा सदरा चुरगळलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी राजा मागे घ्यायच्या ऐवजी पुढे काढला आणि अठरा खेळ्यांत मात करून घेतली. आण्णा आठ महिन्यांनी हसले.

एवढंच झालं होतं. पुढच्या महिन्याला दुसरा कोणी बसला, त्याच्या कानात मी सांगितलं. मग तो रिवाजच पडला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आण्णांचा डाव. जो समोर बसेल त्याने हरायचं. नवीन सभासद आला की जिन्यावरच त्याला सांगून ठेवायचं. हरणंही नीट जमावं लागतं. मूर्खासारखी सोंगटी टाकून चालत नाही, आण्णांना अपमान वाटेल. वर्षाकाठी एखादा डाव बरोबरीत सोडायचा, म्हणजे शंका येत नाही. एकतीस वर्षं आम्ही इमानेइतबारे हरलो. सहासष्टच्या आधीच्या सगळ्या वह्या आणि नंतरच्याही बऱ्याच वाळवीने खाल्ल्या, म्हणून यंत्रात दोनशे सतराच डाव उतरले. पहिली काही वर्षं मला त्याचं कौतुक वाटायचं. नंतर नुसता कंटाळा यायला लागला. पहिला रविवार जवळ आला की दाढदुखीसारखं काहीतरी सुरू व्हायचं. पण सांगायचं कोणी? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्रिशलाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला सांगायचं नाही हे तर पहिल्यापासूनच ठरलेलं.

“यात माझेही पाच डाव आहेत,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “अठ्ठ्याहत्तर सालचे, नागपूरचे. पाचांत एकही जिंकले नाही. आण्णांना जमतं ते मला जमलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.” ती हसली, पण आवाजात हसू नव्हतं. “पण काका, एक विचित्र दिसतंय. पुस्तक संपलं आणि यंत्राने स्वतः मोजायला सुरुवात केली की लगेच ते म्हणतं, आपण हरतोय. दोन मोहरे कमी आहेत, बदल्यात काही नाही. पुस्तक म्हणतं जिंकतोय, यंत्र म्हणतं हरतोय. खोटं कोण बोलतंय?”

तिने सरळ विचारलं होतं. खोलीत आम्ही दोघंच. बाहेर शिपाई जिना झाडत होता. त्या क्षणी मी बोललो असतो तर जे काय व्हायचं ते चार भिंतींत झालं असतं.

“यंत्राला लांबचं दिसत नाही गं,” मी म्हणालो. “आण्णांच्या हल्ल्याला फळ यायला पंधरा खेळ्या लागतात. तुझं यंत्र बघतं पाच.”

“सहा,” ती म्हणाली. तिने मान डोलावली. “असेल. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल.”

घरी जाताना मी स्वतःची समजूत घातली, की म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं कशाला. आण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. यंत्र आपली खेळी खेळणार म्हणून महिनाभर गावभर सांगत सुटले होते. एक डाव हरेल यंत्र. लोक म्हणतील यंत्रच ते. असा सगळा हिशेब मी केला. त्रिशला त्या हिशेबात कुठेच नव्हती.

वर्धापनदिनाला खोली भरून लोक जिन्यापर्यंत उभे होते. भिंतीवर मोठा पट टांगलेला. टेबलावर संगणक, त्याच्यामागे त्रिशला, समोर घोरपडे, वीस-बावीस वर्षांचा, शांत डोळ्यांचा मुलगा. पांढरी सोंगटी यंत्राकडे. पहिल्या रांगेत आण्णा, कडक इस्त्रीत, हातात छडीसारखी घडी केलेली छत्री.

चौथी खेळी आली. यंत्राने क्षणभरही न थांबता उंट दिला.

“बघा!” आण्णांनी मागे वळून आख्ख्या खोलीला सांगितलं. “बघा, यंत्राला कळतंय!”

टाळ्या पडल्या. मंडळातली आम्ही सहासात जुनी माणसं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. घोरपडेने उंट खाल्ला, घोडा खाल्ला, राजा हळूच मागे नेऊन ठेवला आणि पाण्याचा घोट घेतला. त्याला जिन्यावर कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तेवीस खेळ्यांत खेळ संपला. पडद्यावर यंत्राने स्वतःच हार मानल्याची ओळ आली. त्रिशलाने ती वाचून दाखवली आणि उठून घोरपडेशी हात मिळवला.

मग आण्णा उठले.

“खेळी बरोबर आहे,” ते म्हणाले. आवाज शाळेतला, प्रार्थनेच्या वेळचा. “खेळीचा दोष नाही. लिहिणारीचं डोकं कमी पडलं.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली, एसटी स्टँडवर. सोळा वर्षांची पोरगी नागपूरहून राज्य स्पर्धा हरून उतरली होती. आण्णांबरोबर तिला आणायला मीही गेलो होतो. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, आण्णा, मला वाटतंय तो उंट द्यायला नको होता. तेव्हा आण्णा म्हणाले होते, खेळी बरोबर आहे, मी बारा वर्षं जिंकतोय, तुझं डोकं कमी पडलं. मी शेजारी उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं होतं, काका काहीतरी बोलतील म्हणून. मी तिची पिशवी उचलली आणि रिक्षा बघायला गेलो. त्या दिवसानंतर तिने पटाला हात लावला नाही. सगळे म्हणाले, मुलींचं असंच असतं, दहावी झाली की खेळ सुटतो. मीही तसंच म्हणालो.

आता पस्तीस वर्षांची त्रिशला चाळीस माणसांपुढे खाली मान घालून तारा गुंडाळत होती. आपलं डोकं कमी पडलं हे तिला पटलं होतं. वीस वर्षांपूर्वी पटलं होतं तसंच.

“आण्णा,” मी म्हणालो. मी उभा राहिलो होतो. “खेळी वाईट आहे.”

“काय म्हणालास?”

“खेळी वाईट आहे, आण्णा. आम्ही मुद्दाम हरत होतो. सगळेच. सहासष्ट सालापासून. सुरुवात मी केली.”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग रांगेत एकेकाकडे. प्रत्येकाने मान खाली घातली. त्याहून आणखी पुरावा लागला नाही. ते खुर्चीत बसले नाहीत, कोसळले नाहीत, काही नाही. नुसते उभे राहिले. मग पोरीकडे वळले.

“मग नागपूरला...” एवढंच ते म्हणाले आणि थांबले.

त्रिशला मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“तुम्हाला त्या दिवशी स्टँडवर माहीत होतं?”

“होय.”

“आणि गेल्या महिन्यात? मी विचारलं तेव्हा?”

“होय.”

“आण्णा फसले होते,” ती अगदी हळू म्हणाली. “तुम्ही नव्हता फसला, टोणपे सर.”

जन्मात पहिल्यांदा तिने मला सर म्हटलं. पायऱ्यांवर बसून माझ्या खिशातले शेंगदाणे खात खात मोठी झालेली पोरगी. मी खोलीबाहेर आलो तेव्हा जिन्यावरच्या लोकांनी बाजूला होऊन मला वाट दिली.

मला वाटलं होतं, आण्णा आता मंडळात येणार नाहीत. पुढच्या रविवारी मी खोली उघडायला गेलो तर ते दारात उभे.

“बाळू, पट लाव. खरं खेळायचं.”

त्यांनी पांढरी घेतली आणि चौथ्या खेळीला उंट दिला. मी त्यांना चोवीस खेळ्यांत हरवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी डाव स्वतः वहीत लिहिला, खाली पराभव असं लिहून सही केली आणि म्हणाले, “पुन्हा लाव.”

“पुन्हा उंटच, आण्णा?”

“उंटच. तिच्या यंत्राच्या पुस्तकात खोटं भरलंय. मी विचारलं तिला, अजून किती डाव हरलो म्हणजे ती खेळी किल्लेकोटाच्या खाली जाईल. एकशे चाळीस म्हणाली.”

“अहो, एक बटण दाबलं तर ती खेळी पुसली जाईल की! त्रिशलाला सांगितलं तर...”

“सांगितलं तिनं ते. मी नको म्हटलं. पुसून काय होतंय? मोजून वर चढवलीया, मोजूनच खाली येऊ दे.”

मग दर रविवारी तीन डाव. आम्ही आळीपाळीने समोर बसायचो आणि म्हाताऱ्याला झोडपायचो. सवय अशी वाईट, की आमच्यातला शेट्टी नावाचा एक सभासद एकदा जिंकत आलेल्या डावात आपोआप राजा पुढे काढून बसला. आण्णांनी छत्री टेबलावर आपटली. “शेट्टी, परत घे! दया करायलाईस काय माझ्यावर?” दोन डाव मात्र ते खरोखरच जिंकले. दोन्ही वेळा त्यांचं तोंड एवढंसं झालं, कारण आकडा लांबला. एकशे चाळीसचे एकशे त्रेचाळीस झाले. उन्हाळ्यात त्यांना धाप लागायची, जिना चढून आले की दहा मिनिटं नुसते बसायचे. मी म्हणायचो, आज दोनच खेळू. ते पट लावायला लागायचे. मला तर त्यांना हरवून हरवून अंगात बळ उरायचं नाही. हरण्याचा एवढा शीण मला कधी आला नव्हता.

सोमवारी सकाळी आण्णा वही घेऊन तंत्रनिकेतनात जायचे आणि त्रिशला डाव भरायची. बापलेक तिथे काय बोलायचे मला माहीत नाही. मला कोणी बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही.

डिसेंबरात एका सोमवारी निरोप आला, आण्णांनी बोलावलंय. शाळेतून सुट्टी काढून गेलो. एकशे त्रेचाळिसावा डाव भरून झाला होता. त्रिशलाने यंत्र सुरू केलं. तीन खेळ्या झाल्या. चौथ्या खेळीला यंत्राने किल्लेकोट केला.

आण्णांनी पडद्याजवळ वाकून ती खेळी नीट बघितली. मग म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर साली तुझं डोकं कमी पडलं नव्हतं. ऐकलंस का? तुला कळलं होतं ते मला कळलं नव्हतं.”

“ऐकलं, आण्णा.” तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. ते दमले होते. थोड्या वेळाने खुर्चीतच त्यांचे डोळे मिटले.

मी जायला उठलो.

“टोणपे सर, बसा,” ती म्हणाली. “एक डाव खेळू.”

तिने कपाटातून लाकडी पट काढला. वीस वर्षांनी ती खेळायला बसत होती. मी काळी घेतली. उंट नाही, काही नाही. तिने साधा, नेटका डाव मांडला. मी मनापासून खेळलो. इतका मनापासून मी कित्येक वर्षांत खेळलो नव्हतो, कारण तिच्यासमोर चुकायची मला चोरी होती. पण ती चांगली खेळत होती. माझ्यापेक्षा फार चांगली. विसाव्या खेळीला माझं एक प्यादं गेलं, तिसाव्याला हत्ती अडकला, आणि छत्तिसाव्या खेळीला वाचायला वाट उरली नाही. मी सगळ्या वाटा दोनदा तपासल्या, मग राजा आडवा केला. मला रडू येईल इतका आनंद झाला होता. ही मुलगी कुठल्या कुठे गेली असती हे त्या छत्तीस खेळ्यांत मला दिसलं होतं.

मी मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती पटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी.

“सर,” ती म्हणाली, “खरं हरलात?”

“खरं हरलो, त्रिशला. शपथ.”

तिने मान डोलावली आणि सोंगट्या डब्यात भरायला लागली.

“पटलं का तुला?” मी विचारलं.

“कसं पटणार?” ती म्हणाली.